एक काज मागे

दर शनिवारी संध्याकाळी दादा बहिणीला, म्हणजे आत्याला, दहा सुया ओवून ठेवायचा. पाच पांढऱ्या दोऱ्याच्या, तीन काळ्या, दोन निळ्या. चाळिशी लागल्यापासून आत्याला लांबचं घारीसारखं दिसे आणि जवळचं काही म्हणता काही नाही. शिवणयंत्रावर बोटांच्या सवयीनं काम चाले, पण हातशिलाईची सुई म्हणजे तिच्या लेखी नुसती ऐकीव बातमी होती. म्हणून दादा खिडकीशी बसून, जिभेचं टोक ओठात धरून, एकेक सुई ओवायचा आणि टाचण्यांच्या उशीवर ओळीनं टोचून ठेवायचा. आठवड्याची बेगमी.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी उशीवर दहाच्या दहा सुया नीट ओळीत टोचलेल्या होत्या आणि एकीतही दोरा नव्हता.

आत्यानं बोटांनी एकेक चाचपून पाहिली. मग दादाकडे पाहिलं. तो नदीकडे तोंड करून बसला होता.

"झाल्या बघ दहा," तो म्हणाला.

"झाल्या हो," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून सुई ओवायची तारेची चकती आणली आणि यंत्राच्या खणात खोलवर ठेवून दिली. त्या घरात विषय मिटवायची हीच रीत होती. तो उघडायचाच नाही.

दादाचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे हक्काचा भाचा एकही नाही. तरी अख्खं गाव तिला आत्या म्हणायचं. आत्याचं लग्न झालं होतं. नवरा माणूस चांगला होता, फक्त तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी जास्त चांगला होता. हे कळल्यावर ती यंत्र घेऊन दादाकडे आली, पुढच्या खोलीत खिडकीखाली ते मांडलं आणि तीस वर्षं झाली, ती काही परत गेली नाही.

आली त्याच वर्षी दादानं रविवारची फेरी सुरू केली होती. दादा तेव्हा पोस्टमन. गावातली एकूण एक पायरी, उंबरठा आणि कुत्रं त्याच्या पावलांना ओळखत होतं. बाहेरगावची माणसं जुनं गाव बघायला यायची आणि वाट चुकून कुणाच्या तरी परसात निघायची. दादानं त्यांना वाट दाखवायला घेतलं आणि बघता बघता तो गावाचा वाटाड्या झाला. नोकरी संपली, फेरी उरली.

फेरीचा मार्ग ठरलेला. जुना दगडी पूल, मग जकातघर, मग पाणचक्की, मग विहीर, मग घंटेचा मनोरा आणि शेवटी होडीचा धक्का. सगळी ठिकाणं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, पण दादाच्या गोष्टींमुळे दोन तास लागायचे. नदी कायम उजव्या हाताला. पायवाट इतकी अरुंद, की एकामागे एक चालण्यावाचून गत्यंतर नाही. दादा पुढे, मधे पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी आत्या.

शेवटच्या माणसाला शेपूट म्हणायचं, आणि शेपटाचं काम सोपं नसतं. कुणाची चप्पल तुटते, कुणी पाण्यात वाकून स्वतःचं तोंड बघत बसतं, कुणाला ऐनवेळी रडू येतं. नदीकाठी लोकांचं असं होतं. अशा सगळ्यांना गोळा करून पुढे काढायचं आणि ठिकाण सोडताना मोठ्यानं ओरडायचं, "मागे कोणी नाही!" ही हाक पोचली, की मगच दादा पुढच्या ठिकाणी तोंड उघडायचा. गोष्टींत तो काय वाटेल ते घालायचा. राजे जन्माला घालायचा, पूर आणायचा, खंड्या पक्षी जागेवर नसला तरी "तो बघा खांबावर!" म्हणून दाखवायचा. पण ती हाक तीस वर्षांत एकदाही खोटी गेली नव्हती.

यात एक गंमत अशी झाली होती, की ती आत्याखेरीज कुणाला माहीत नव्हती, आणि आत्यालाही ती नीटशी ठाऊक नव्हती.

दादा मनोऱ्यापाशी पोचून घंटेची गोष्ट सांगायचा, तेव्हा आत्या मागे विहिरीपाशी असायची. तो विहिरीची गोष्ट सांगायचा, तेव्हा ती पाणचक्कीपाशी. त्याचा आवाज खणखणीत, पाण्यावरून घरंगळत थेट शेपटापर्यंत यायचा, आणि त्याला नाव घेऊन सांगायची सवयच नव्हती. तो म्हणायचा, "हे जे समोर दिसतंय ना..." आत्याच्या समोर भलतंच दिसत असायचं. सदऱ्याचं एक बटण खालच्या काजात गेलं, की सबंध सदरा एकेक काज सरकत जातो आणि गळ्याशी एक काज रिकामं उरतं, तसं तिचं गाव झालं होतं. सगळ्या गोष्टी एक काज मागे. तिच्या मनात घंटा मनोऱ्यात नव्हतीच. ती विहिरीच्या हिरव्या अंधारात लटकलेली होती, वर शेवाळाची झालर लावून. पीठ जकातघरात दळलं जायचं. धक्क्यावरच्या नावाड्याची नाव मनोऱ्याच्या पायथ्याशी, गवताला टेकायची. रोज दुपारी काजं-बटणं करताना ती या गावातून हिंडून यायची. तिथे नेहमी सकाळ असायची आणि पाणी पायरी सोडून कधी वर यायचं नाही. खरं काय ते तिला माहीत नव्हतं असं नाही. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि पायांना माहीत असणं वेगळं.

पायांचं म्हणाल तर दादाचे पाय आता त्याचे डोळे झाले होते. पुलापासून जकातघर एकशे बारा पावलं. तिथे उजव्या कानाला पाणी गुरगुरतं, म्हणजे बांध आला. उतार लागला, ओलसर पिठाचा वास आला, की चक्की. तीन वर्षं तो असा चालला आणि एकाही पाहुण्याला पत्ता लागला नाही. आत्या मागून बघायची. समोर कुणी सायकल आडवी टाकली असली, की ती रांगेच्या शेवटून खोकायची. एकदा खोकली तर डावीकडे, दोनदा तर थांब. पाहुणे म्हणायचे, "आत्या, औषध घ्या काहीतरी."

आणि मग कचेरीचं पत्र आलं.

पत्र आत्यानंच वाचून दाखवलं, हात लांब करून, जवळजवळ शेजारच्या खोलीत धरून. फेरीचा परवाना संपत आला होता. यंदापासून नुसती सही चालणार नव्हती. कचेरीतून एक बाई येणार, सबंध फेरी चालून बघणार, आणि वाटाड्या कामाला लायक आहे की नाही ते लिहून नेणार. रविवारी सकाळी. शिवाय पुलाची डागडुजी चालू असल्यानं पूल बंद. सगळे पाहुणे होडीनं येतील, तरी फेरी धक्क्यावरून सुरू करावी.

यंत्राच्या चाकावर दादानं हात ठेवला होता, ते त्यानं उगाच अर्धा फेर फिरवलं.

"धक्क्यावरून म्हणजे उलटं," तो म्हणाला.

"उलटं."

"नदी डाव्या हाताला."

"नदी कुठे जाते? आहे तिथेच आहे. आपण उलटे."

"पाढा येतो म्हणून उलटा पाढा येतो असं नसतं, बाय." मग जरा थांबून, खिडकीकडे तोंड करून, "माझे गुडघे हल्ली चढाला कुरकुरतात. धक्क्याकडून चढ आहे."

"आहे ना," आत्या म्हणाली. दादाचे गुडघे पोस्टानं बनवलेले होते. ते दगडाला कुरकुर शिकवतील, स्वतः करणार नाहीत, हे तिला माहीत होतं. "आणि उलटं चाललं, की शेपूटच पुढे येतं. साधा हिशेब आहे."

"तेच म्हणतोय मी."

"तू कुठे म्हणालास? मी म्हणाले."

"तू म्हणालीस, म्हणजे माझ्या मनातलंच म्हणालीस. गोष्टी येतील ना तुला?"

"तीस वर्षं ऐकतेय. मुक्या भिंतीलासुद्धा पाठ झाल्या असतील."

"मग झालं. मी मागे राहीन. शेपटाला काय, नुसतं ओरडायचं."

हे म्हणताना त्याचा आवाज थोडा घसरला, आणि आत्यानं यंत्र सुरू केलं, म्हणजे तो घसरलेला ऐकू आला नाही असं म्हणता आलं. परवाना गेला, तर दादा या खिडकीशी बसणार आणि उठणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. लांबचं तिला नेहमीच चांगलं दिसायचं.

रविवारी असं धुकं उतरलं, की होडी आधी आवाजानं आली, मग वासानं, आणि दिसली ती पार दोर टाकल्यावर. अकरा पाहुणे आणि कचेरीच्या बाई. बाई चाळिशीच्या, ठेंगण्या, सर्दी झालेल्या; एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात भली मोठी लालभडक छत्री. पाऊस नव्हता, पावसाचं चिन्ह नव्हतं.

"बाई, छत्री होडीत ठेवली तरी चालेल," आत्या म्हणाली.

"नको. ही आईची आहे," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

तेरावं कुणी आलं असेल तर ती चक्कीवाल्या वहिनीची शेळी. ती दर रविवारी फेरीबरोबर चालायची. तिला पाहुण्यांच्या पिशव्यांत रस होता, इतिहासात नव्हता.

सगळे धक्क्यावर गोल उभे राहिले आणि आत्यानं तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं, की धक्क्यासाठी तिच्याकडे गोष्टच नाही. ती इथे पोचायची तेव्हा फेरी संपलेली असायची, दादा चहावाल्याशी गप्पा मारत असायचा. सदऱ्याचं गळ्याजवळचं रिकामं काज ते हेच.

बारा तोंडं तिच्याकडे बघत होती. धुक्यातून कुठेतरी मागे दादा उभा होता.

"हा धक्का," आत्या म्हणाली. "इथे चहा मिळतो."

कुणीतरी हसलं. बाईंनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. आत्या वळली आणि चालायला लागली.

चाललं, की बरं वाटलं. धुकं पायवाटेवर अंथरल्यासारखं पडलं होतं. गुडघ्यापासून वरची माणसं तेवढी दिसत होती, जणू सगळे वाहत चालले आहेत. डावीकडे नदी असल्याची नुसती थंडी होती. मागून दादाची हाक आली, "मागे कोणी नाही!" आणि आत्याला विचित्र वाटलं. ती हाक तिनं तीस वर्षं मारली होती, पण कधी ऐकली नव्हती. मनोऱ्यापाशी ती थांबली, पाय गवतात रोवले, आणि जीभ आपोआप सुटली.

"हे जे समोर दिसतंय ना, इथेच ती नाव टेकली. केवढा पूर! नावाड्यानं एका खेपेत लग्नाचं अख्खं वऱ्हाड अलीकडे आणलं. वाजंत्री आणली, भांडी आणली, नवऱ्याची रुसलेली मावशी आणली. आणि इथे उतरल्यावर बघतात तर काय, नवरी पलीकडेच राहिली!"

लोक हसले. एक कॅमेरेवाले काका मनोऱ्याकडे, मग खाली नदीकडे, मग परत मनोऱ्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या वर पाणी आलं होतं?"

"पूर होता ना," आत्या म्हणाली. मनोरा आपल्या जागी उभा होता, घंटा नसलेला, आणि तिला प्रथमच जाणवलं, की आपण त्याच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा चढवलाय. पण आता बटणं उसवून परत लावायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं, तर तिला मजा येत होती. इतकी वर्षं दुपारी एकटी हिंडायची त्या गावात ती आज बारा माणसं घेऊन चालली होती.

विहिरीपाशी आली तोवर ऊन फाकलं होतं. धुक्याचे पडदे वर गेले. विहिरीच्या दगडी कठड्यावर पिवळं ऊन साय धरावं तसं पसरलं. एका बाजूला कठड्याचे दोन दगड ढासळलेले होते. आत्यानं सगळ्यांना अलीकडे उभं केलं आणि आवाज खाली आणला, दादा आणायचा तसा.

"गावाला एक घंटा होती. पुराच्या भीतीनं लोकांनी ती उतरवली, होडीत घातली, आणि होडीच बुडाली. घंटा गेली. पण तिची जागा गेली नाही. हे जे समोर दिसतंय ना, इथे शांत उभं राहायचं. ज्याचं कुणी मागे राहिलंय, त्याला ती ऐकू येते."

सगळ्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. खाली काळं पाणी, त्यात आकाशाचा एवढासा तुकडा. कॅमेरेवाले काका "विहिरीत घंटा?" असं पुटपुटले, पण त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं. एक मिनिटभर कुणीच बोललं नाही. मग आत्या पुढे निघाली.

विहीर आणि पाणचक्की यांच्यामधे एक फिरतं फाटक आहे, गुरं आत येऊ नयेत म्हणून बसवलेलं. एका वेळी एकच माणूस जातं, आणि प्रत्येकाला ते कर्रर करून सलाम करतं. आत्या पहिली गेली. चक्कीच्या ओट्यावर चढून ती थांबली. मागे फाटक करकरत राहिलं. मग दादाची हाक आली, अगदी ठाम, "मागे कोणी नाही!"

आत्या गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात तिची नजर सवयीनं रांगेवरून फिरली. तीस वर्षं ती डोकी मोजत आली होती; ते काही पुढे उभं राहिलं म्हणून सुटत नाही. अकरा. पुन्हा मोजली. अकरा, आणि शेळी.

"दादा," ती म्हणाली, "बाई कुठे आहेत?"

दादा फाटकाला धरून उभा होता. "आहेत की. तुझ्यामागे फाटक बारा वेळा वाजलं."

शेळीनं कॅमेरेवाल्या काकांच्या पिशवीत तोंड घातलं.

आत्या ओट्यावरून उतरली, सगळ्यांना म्हणाली, "इथेच थांबा, हलू नका, शेळीला काही देऊ नका," आणि फाटकाशी येऊन दादाचा हात धरला. दोघं विहिरीकडे परत निघाले. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, ते ढासळलेले दोन दगड. आपण सांगितलं, इथे शांत उभं राहा. आपण सांगितलं, समोर बघा. आणि समोर विहीर होती.

बाई कठड्यावर बसल्या होत्या. पायवाटेपासून दोन हातांवर, उन्हात, लालभडक छत्री उघडून खांद्यावर टाकून. फाईल मांडीवर मिटलेली.

आत्या तिथेच थांबली. "अहो बाई! घाबरवलंत की हो!"

"मी इथेच होते," बाई म्हणाल्या. आवाज वेगळाच लागला होता, सर्दीचा नव्हे. "घंटा ऐकत होते. हे माझ्या समोरून गेले. मी हात केला." त्या दादाकडे बघत होत्या. "मग हे पुढे जाऊन ओरडले, मागे कोणी नाही."

"धुकं होतं ना," आत्या घाईनं म्हणाली. "सकाळपासून असं धुकं, की हाताला हात..."

बाईंनी वर पाहिलं. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. छत्रीचा लाल रंग कठड्यावर, त्यांच्या साडीवर, दादाच्या पांढऱ्या सदऱ्यावरसुद्धा पडला होता.

"हो," बाई सावकाश म्हणाल्या. "धुकं होतं खरं."

दार उघडं होतं. दादानं नुसतं हो म्हणायचं होतं. एवढंच, एक अक्षर. आत्यानं त्याचा हात दाबला. एकदा. म्हणजे डावीकडे, म्हणजे या वाटेनं ये, दादा.

दादानं हात सोडवून घेतला.

"धुकं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "ऊन मला अंगावर लागतंय. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. मी फाटक मोजलं, आणि शेळीही त्यातूनच जाते हे विसरलो. गोष्टीत मी वाटेल ते सांगतो, पण ती हाक खोटी सांगायची नाही. आज तुम्ही होतात. उद्या कुणाचं पोर बसलं असतं इथे, त्या पडक्या बाजूला."

तीन वर्षं त्या घरात न उघडलेला विषय असा विहिरीकाठी, परक्या बाईसमोर, एका दमात उघडला. आत्याला राग आला. आधी मला नाही सांगितलंस, असा. मग तिला दहा बिनदोऱ्याच्या सुया आठवल्या, आणि तिला कळलं, की आधी तिलाच सांगितलं होतं. तिनं "झाल्या हो" म्हटलं होतं.

बाईंनी छत्री मिटली. फाईल उघडली, छापील कागद काढला आणि पेनाचं टोपण दातांनी ओढलं.

"यात दोनच रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "पुढे कोण आणि मागे कोण. मागे डोळे लागतात, ते आज कळलं. पुढे काय लागतं?"

"तोंड," आत्या म्हणाली.

"आणि वाट पाठ लागते," दादा हळूच म्हणाला.

"तोंड तुमचं आज बघितलं," बाई आत्याला म्हणाल्या. "धक्क्यावर चहा मिळतो. छान. आणि मनोऱ्यापर्यंत आलेली नाव. हे कागद मी येताना वाचून आले होते; घंटा मनोऱ्यातली आहे. पायथ्याशी दगडावर कोरलंयसुद्धा."

आत्याचे कान तापले. आता तिलाही सांगणं भागच होतं, आणि ती सांगू लागली: शेपूट, हाक, एक काज मागे. सांगताना ते फारच खुळचट वाटत होतं. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"म्हणजे तीस वर्षं माझी घंटा तू विहिरीत टांगून ठेवलीस?" तो म्हणाला.

"तू 'समोर, समोर' करतोस. माझ्या समोर विहीर असायची. नाव घ्यायला काय होतं तुला?"

"अगं पण घंटा विहिरीत असेल कशी!"

"होती," बाई म्हणाल्या.

दोघं त्यांच्याकडे वळले.

"मला ऐकू आली. दोनदा," बाई म्हणाल्या, आणि छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "पाण्याचा थेंब असेल. असू दे. मनोऱ्यात कुणाला आली का आजवर?"

दादानं विचार केला. तो या बाबतीत प्रामाणिक होता. "नाही बुवा," तो म्हणाला. "तीस वर्षांत एकालाही नाही."

"मग ती इथेच राहू दे." बाईंनी कागदावर लिहायला घेतलं, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत. "पुढे, दोघं. एकाचे पाय, एकीचे डोळे. हात सोडायचा नाही; सोडलेला दिसला, तर परवाना रद्द. मागे..." त्यांनी वर पाहिलं. "मागे कुणीतरी हवं. ज्याला माणूस आणि शेळी यातला फरक कळतो असं."

"शेळीची मालकीण चालेल?" आत्या म्हणाली.

चक्कीवाली वहिनी चालली. तिनं फक्त एकच अट घातली, की आपल्याला शेपूट म्हणायचं नाही.

पुढच्या शनिवारी आत्यानं खणातून ती तारेची चकती काढून यंत्रावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. दादानं ती चाचपली. "केव्हा घेतलीस?" "तीन वर्षं झाली." "हं," दादा म्हणाला, आणि चकती लावून पाहता पाहता त्याला एक सुई जमली. पांढरी. बाकीच्या नऊ आत्यानं ओवल्या.

रविवारी पाहुणे यायच्या आधी, कोवळ्या सकाळी, दोघं वाट बघून घ्यायला निघाले. दादाचा हात तिच्या खांद्यावर. बाईंनी लिहून ठेवलं होतं म्हणून, असं तो दोनदा म्हणाला. नदी डाव्या हाताला. तो नवी पावलं मोजत होता आणि आत्या काय दिसतं ते सांगत होती. हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं कधी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी पांढऱ्या चादरी वाळत घातल्यात. बांधावरच्या झाडाला यंदा पानं कमी. पाणी आज दुधी काचेसारखं, आणि त्यात गाव उलटं, अगदी धुराड्यांसकट.

फाटकापलीकडे चक्कीच्या वळणाला ती अडखळली. इथे दादा नेहमी म्हणायचा, "तो बघा खांबावर खंड्या!" आणि रांगभर माना वळायच्या.

"दादा," ती म्हणाली, "आता सांगूनच टाकते. तो खांब नाहीये. गेल्या वर्षी पाण्यात वाहून गेला. तू इतक्या हौसेनं दाखवतोस, म्हणून बोलले नाही."

दादा हसायला लागला. खांद्यावरचा हातसुद्धा हसत होता.

"माहीत आहे मला. पाणी त्या खांबावर आपटून चुळुक करायचं. गेल्या वर्षी ते थांबलं."

"मग वर्षभर का दाखवत होतास?"

"आता काय सांगू तुला," दादा म्हणाला. "दर रविवारी मी म्हणायचो, तो बघा खंड्या. आणि लोक म्हणायचे, हो हो, दिसला, काय सुंदर निळा! मला वाटलं, असेल बाबा. मलाच दिसत नाही."

आत्याला इतकं हसू आलं, की तिला चक्कीच्या ओट्यावर बसावं लागलं. दादाही शेजारी बसला, हात न सोडता. नदी समोरून जात होती, सावकाश, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखी.

मागे फाटक कर्रर वाजलं.

दादानं कान टवकारले. "कोण गं? वहिनी आली?"

आत्यानं वळून पाहिलं.

"शेळी," ती म्हणाली.